कळावे, वेदनाबाई

श्रीमती वेदनाबाई यांस,

सा. न. वि. वि.

पत्र पाहून आपणांस नवल वाटेल. आजवर आपणच न कळवता, वेळ-अवेळ न पाहता माझ्याकडे येत आलात. मी आपणहून आपल्याला चार ओळी लिहायची ही पहिलीच वेळ. मायना नीट जमावा म्हणून दोन कागद फाडले. पण खरं सांगू? 'आपण' लिहिताना हात अडखळतो. जिने मला चुलीपुढे पाहिलंय, बाळंतिणीच्या खाटेवर पाहिलंय, मध्यरात्री न्हाणीघराच्या भिंतीला कपाळ टेकून उभी असताना पाहिलंय, तिच्याशी कसला आलाय उपचार? बावन्न वर्षांची ओळख आहे. तेव्हा यापुढे तू.

आधी खुशाली कळवते. आज सकाळी अंघोळ करून नेहमीचं सुती पोलकं घातलं, पदर खांद्यावर टाकला, आणि श्वास रोखून धरायला विसरले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. पदर उजव्या बरगडीवरून घसरत खाली आला आणि तो नुसता पदर होता. निखारा नव्हता, काचेचा चुरा नव्हता. मी तिथेच स्टूल ओढून बसले. यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही झालं." आणि रडू आलं. म्हणून हे पत्र.

तुझी-माझी पहिली भेट तुला आठवते का? मी सात वर्षांची. आजी भाकऱ्या थापत होती आणि मी तव्याच्या कडेला बोट लावलं. हात झटक्यात मागे आला, आणि मग तू आलीस. हा क्रम पुढे एकतीस वर्षं मला शाळेच्या फळ्यावर काढायचा होता: त्वचा, चेतातंतू, मेरुरज्जू, स्नायू. हात मागे घ्यायचा हुकूम मेरुरज्जूतूनच सुटतो, मेंदूला खबर नंतर लागते, म्हणून ती प्रतिक्षिप्त क्रिया. दरवर्षी वर्गातलं एखादं पोर विचारायचंच, "बाई, हात तर आधीच सुटला, मग दुखतं कशाला?" मी सांगायची, "पुन्हा लावू नये म्हणून." उत्तर बरोबर होतं. पण अर्धं होतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

तू एकटी येत नाहीस, हेही मी शिकवलं आहे. अनवाणी चालताना ठेच लागली की आधी चमक येते, लख्ख, नेमकी, अमुक बोटाची म्हणून सांगता येणारी. ती आणणारे बारीक तंतू पातळ वेष्टणाचे असतात. त्यांची गती सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर. मग एक क्षण जातो. त्या क्षणात माणसाला ठाऊक असतं की आता येणार. आणि मग ठणका येतो, पसरट, मळमळ आणणारा. त्याचे तंतू त्याहून बारीक आणि उघडे. निरोप सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतो, म्हणजे आपल्या चालीने. पायाच्या अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत पोचायला त्याला एखादा सेकंद तरी लागतोच. चमक सांगते कुठे लागलं. ठणका सांगतो, आता जरा बस.

आणि ठेच्याची गोष्ट? लोखंडी तव्यात मिरच्या परतून आईने केलेला ठेचा, आणि तेच बोट मी डोळ्याला लावलेलं. तेव्हा वाटलं होतं, डोळ्यात आग पडली. तुझ्या दृष्टीने ती आगच होती. १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढत चेतातंतूच्या टोकावरचं एक प्रथिन शोधलं. टीआरपीव्ही-१ हे त्याचं नाव. ते म्हणजे एक बारीकसं दार. उष्णता ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की ते उघडतं आणि निरोप सुटतो. कॅप्सेसिन ही त्याच दाराची दुसरी किल्ली. म्हणून भाजल्याचा आणि मिरचीचा निरोप एकाच तारेने जातो, आणि 'तोंड पोळलं' हे शब्दशः खरं ठरतं. रानातले पोपट मात्र मिरचीची झाडं ओरबाडून जातात आणि त्यांना काही होत नाही, कारण पक्ष्यांचं दार त्या किल्लीने उघडत नाही. २०२१ साली ज्युलियस यांना, स्पर्श आणि दाबाची दारं शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूशियन यांच्यासह, नोबेल मिळालं. त्या आठवड्यात मी दहावीच्या वर्गात अभ्यासक्रम बाजूला ठेवून फक्त ठेच्याबद्दल बोलले.

दार एकदा उघडलं की ते तसंच राहत नाही, हे तुझं मला सर्वांत सुंदर वाटलेलं काम. जखमेभोवतीच्या पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सोडतात आणि दाराच्या बिजागऱ्या सैल होतात. मग अंगाला कोमट वाटणारं पाणीही पोळलेल्या हाताला चटका देतं, मुरगळलेला पाय तू टेकू देत नाहीस. लेकराला अंथरुणात धरून ठेवणाऱ्या आईसारखी तू वागतेस. अ‍ॅस्पिरिन या द्रव्यांची निर्मितीच रोखतं, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं.

तुझे आभार मानायचे राहून गेलेत, ते आधी मानते. आनंदवनाला आम्ही सहल घेऊन गेलो होतो. वरोऱ्याजवळची ती जमीन, बाबा आमट्यांनी १९४९च्या सुमारास कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन कसायला घेतलेली. मुलींना वाटत होतं, रोगाने बोटं झडतात. तसं नसतं. कुष्ठाचे जंतू चेतातंतूंवर हल्ला करतात आणि तू त्या हातापायांतून निघून जातेस. मग गरम भांडं धरलेला हात सुटत नाही, चपलेतला खिळा दिवसभर टोचत राहतो आणि कळत नाही. जखमा चिघळतात आणि हाडं झिजतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड आयुष्यभर हेच सांगत राहिले. त्यांनी पुढे अमेरिकेत यंत्राची वेदना करून पाहिली: हातमोज्यात दाब मोजणारी उपकरणं, धोका झाला की इशारा, तो ऐकला नाही तर विजेचा झटका. माणसं काम उरकायच्या घाईत यंत्र बंद करून टाकायची. बंद करता येणारी सूचना ही सूचना राहत नाही, हे तिथे सिद्ध झालं. २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचा एक अभ्यास आला. त्यांच्यातल्या मुलांना एका जनुकातल्या बिघाडामुळे जन्मापासून तू माहीतच नव्हतीस. त्यांची कथा ज्याच्यापासून सुरू झाली तो मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवर चालून, दंडात सुरी खुपसून पैसे मिळवायचा. चौदावा वाढदिवस यायच्या आत तो छपरावरून उडी मारून गेला. हे वाचल्यावर मी माझ्या गुडघ्यावरच्या सगळ्या जुन्या वणांवरून हात फिरवला आणि तुला मनात नमस्कार केला.

आणि फुंकर. पोर पडलं की आई तिथे चोळते, फुंकर घालते, आणि पोर गप्प होतं. याला लोक माया म्हणतात, आणि ती आहेच. पण रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की मेरुरज्जूच्या मागच्या बाजूला जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू जागे झाले की ते तुझ्या बारीक तंतूंसाठी अर्धवट लोटलं जातं. चोळणारा हात हे फाटक लोटत असतो. त्यांच्या त्या नकाशात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण फाटक राहिलं. त्यावर वरूनही ताबा असतो, हे त्याहून मोठं. मेंदूच्या तळाकडून खाली उतरणारे तंतू तुला कधी आत घेतात, कधी उंबऱ्यावरच थांबवतात. १९४४ साली इटलीत अँझिओच्या रणभूमीवर डॉ. हेन्री बीचर यांनी पाहिलं की गंभीर जखमी झालेले बहुतेक सैनिक मॉर्फिन मागतच नव्हते. १९७५ साली अ‍ॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी, अफूसारखं काम करणारी द्रव्यं सापडली. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला: नुसत्या खोट्या औषधाने ज्यांना आराम पडला होता, त्यांना अफूचा परिणाम पुसणारं नॅलोक्सोन दिल्यावर तो आराम निघून गेला. म्हणजे विश्वासाने आलेला आरामही रक्तामांसाचा असतो. 'मनाचे खेळ' म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे वाचावं. मन शरीरातच राहतं.

आता तक्रार.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या उजव्या बरगडीवर दोन दिवस आग झाली, मग पुरळ उठलं, पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखं. नागीण. शेजारच्या काकूंनी प्रेमाने गेरू उगाळून आणला. घरात कुजबुज झाली, की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. मी विज्ञानाची शिक्षिका. मला ठाऊक होतं की ते जुळत नाही. नवव्या वर्षी मला कांजिण्या झाल्या होत्या. तो विषाणू गेला नव्हता, पाठीच्या कण्याशेजारी चेतापेशींच्या एका गाठीत पन्नास वर्षं निजून होता. जागा झाला तो त्याच एका चेतातंतूच्या वाटेने निघाला, म्हणून पट्टा एका बाजूलाच. इतकं ठाऊक असूनही मी गेरू लावून चार दिवस घालवले. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू करायचं असतं. पन्नाशीनंतर घ्यायची लसही आता आपल्याकडे मिळते. हे माझ्या वयाच्या प्रत्येक बाईला मी आता थांबवून सांगते.

महिन्याने फोड वाळले, खपल्या पडल्या. तू गेली नाहीस. कातडी बरी झाली, तिथे बोट दाबलं तर बधिर लागायची, आणि पंख्याचा वारा लागला की जळायची. पोलकं नको, पदर नको, नातवाने मिठी मारली तर मी त्याला ढकललं. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. सांग, ही कुठली बातमी होती? जखम नव्हती, धोका नव्हता, हात मागे घ्यायला जागाच नव्हती. माझं शरीर तव्यावर नव्हतं आणि तू ओरडतच होतीस.

तपासण्या झाल्या. कागद स्वच्छ आले. एका ठिकाणी मला सांगण्यात आलं, "काही नाहीये. मन रमवा." घरातल्यांनीही, वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हळूहळू विचारणं सोडलं. तुझ्यापेक्षा मला हे जास्त लागलं. तुला दाखवता येत नाही. तापाला आकडा असतो, हाडाला एक्सरे असतो. तुझा साक्षीदार फक्त तो माणूस, ज्याला तू धरलंयस. त्याच्यावर विश्वास बसला नाही की तू दुप्पट होतेस.

शेवटी पुण्याच्या एका पेन क्लिनिकमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "काकू, कसं दुखतं? तुमच्या शब्दांत सांगा." मेल्झॅक यांनीच १९७५ साली वेदना सांगणारे ७८ शब्द जमवून एक प्रश्नावली केली होती, असं त्या म्हणाल्या. इतके तर माझ्या आईपाशी होते. ठणका गळवाचा, ठसठस दाढेची, कळ पोटातली, चमक पाठीतली, उसण कमरेत भरलेली, चुरचुर खरचटल्याची, तिडीक कपाळातली, वेणा बाळंतपणाच्या, सल काट्याचा आणि मनाचाही. मी सांगितलं, "आग होते, मध्येच शॉक बसतो, कपडा सोसत नाही." त्या म्हणाल्या, "एवढ्यावरून कळलं. ही जखमेची वेदना नव्हे, दुखावलेल्या चेतातंतूची आहे." मी शब्दांनी सांगितलेलं कुणीतरी पुराव्यासारखं लिहून घेतलं, त्या क्षणी मी निम्मी बरी झाले.

त्यांनी फाटकाचं चित्र काढलं. फार दिवस निरोपांचा मारा झाला की मेरुरज्जूतल्या पेशीच हळव्या होतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली हे दाखवलं. मग स्पर्शाच्या तारेने आलेला निरोपही तुझ्या नावाने वाचला जातो. पदर स्पर्शच पाठवत होता. आत त्याचं भाषांतर चुकत होतं. त्यांनी अमिट्रिप्टिलीनची लहान गोळी रात्रीसाठी दिली. चिठ्ठी घरी नेल्यावर कुणीतरी म्हणालं, "हे तर नैराश्याचं औषध!" मला पुन्हा अपमान वाटला. फोन केला, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, "मेंदूकडून खाली येऊन फाटक लोटणारे जे तंतू आहेत, त्यांची रसायनं हे औषध टिकवून धरतं. डोस वेगळा, काम वेगळं." सोबत प्रेगाबॅलिन, आणि एक मलम. मलमात काय होतं? कॅप्सेसिन. तीच मिरची. हातमोजे घालून दिवसातून तीन-चार वेळा लावायचं. सुरुवातीला भयंकर जळतं, मग आठवड्यांनी ती दारं थकून गप्प होतात. आईचा ठेचा पन्नास वर्षांनी माझ्या बरगडीवर औषध होऊन आला.

आईचा विषय निघाला, तर आता लिहितेच. १९९६च्या पावसाळ्यात, पोटाच्या कर्करोगात, तू तिच्यापाशी अकरा आठवडे होतीस. बातमी तर पहिल्याच दिवशी पोचली होती. उपाय उरलेला नव्हता, तिला कुठे हलायचं नव्हतं, काही शिकायचं नव्हतं. मग तू का थांबलीस? आम्हाला घरी पाठवलं तेव्हा हातात तापाच्या गोळ्यांची पाकिटं होती. आपल्याच देशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने औषधासाठी अफू पिकते, बाहेरच्या देशांत जाते. आणि १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिनच्या गोळीला इतके परवाने लागू लागले की बहुतेक दवाखान्यांनी ती ठेवायचंच सोडलं. कोझिकोडला काही डॉक्टर आणि स्वयंसेवक यांनी १९९३ साली वेदना शमवायचं काम सुरू केलं होतं. आमच्या गावी ते कुणाला ठाऊक नव्हतं. कायदा २०१४ साली सुधारला. माझी आई तोपर्यंत थांबू शकत नव्हती. तिच्या त्या अकरा आठवड्यांचा दोष मी आता तुला देत नाही. गोळी होती. ती आमच्यापर्यंत आली नाही, हे माणसांचं होतं.

आता मागणं.

तुझं नाव 'विद्' धातूवरून आलं आहे, जाणणे या अर्थाचा. वेद तुझा भाऊ, विद्या तुझी बहीण. इतक्या मोठ्या घरची तू. तेव्हा ये. तवा तापला असेल, दाढ किडली असेल, छातीत काही बिनसलं असेल, तर अवश्य ये, दार वाजव, मी उघडेन. पण बातमी सांगून झाली की निघ. घर बरं झाल्यावर उंबऱ्यात बसून राहू नकोस. आणि ज्यांचा प्रवास संपत आलाय, त्यांच्या खाटेजवळ तर थांबूच नकोस. त्यांना शेवटचे चार शब्द बोलू दे.

दुसरं मागणं तुझ्यामार्फत तुझ्या-माझ्या भोवतालच्या माणसांना. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली तुझी व्याख्या २०२० साली बदलली. तीत एक टीप जोडली आहे: माणूस आपल्याला दुखतंय असं सांगतो, तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा. मोठमोठ्या प्रयोगशाळा, तंतूंच्या गती, दारांची नावं या सगळ्यांतून जाऊन विद्वान शेवटी इथे आले. वर्गातल्या त्या पोराला मी आता पूर्ण उत्तर देईन: दुखतं ते पुन्हा हात लावू नये म्हणून, आणि कुणीतरी जवळ येऊन विचारावं म्हणूनही.

नातू मघाशी आला होता. त्याला म्हटलं, "ये, आता चालतं." तो आधी लांबून बोट लावून पाहत राहिला, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मग मिठी मारली. उजव्या बाजूने.

वेदने, मराठीत तुझं एक नाव कळ आहे, आणि समजणं यालाही आपण कळणंच म्हणतो. पत्राच्या शेवटी जो शब्द लिहितात, तो इतकी वर्षं मी रीत म्हणून लिहीत आले. आज अर्थ धरून लिहिते, ज्यांना आज कळ आलेली नाही त्या सगळ्यांना उद्देशून:

कळावे.

तुझी जुनी ओळखीची,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा